मेलेल्या झाडाचं नाव

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा आमच्या गावच्या घराची पडवी गेली आणि मागच्या बांधावरच्या मोठ्या झाडाचा अर्धा शेंडा. पडवीवर पत्रे टाकून वेळ मारून नेली. झाडाकडे बघायला कुणाला सवड नव्हती. पुढच्या वर्षी त्याच्या एकाच फांदीला पालवी फुटली, २०२२ च्या पावसाळ्यात तीही नाही. साल गळून गेली आणि नुसतं राखाडी खोड उभं राहिलं.

मी ठाण्यात राहते, हिशेबनीस आहे. लाकडातलं मला काही कळत नव्हतं, अजूनही फारसं कळतं असं नाही. पण या झाडाची जात ठरवून, परवानगी काढून, ते कापून फळ्या घरात येईपर्यंत जे सहा महिने गेले, ते जसेच्या तसे लिहून ठेवते आहे. बांधावर असं एखादं झाड उभं असलेल्यांना उपयोग होईल. आमचा तालुका रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागात आहे. इतर ठिकाणी कागद थोडे वेगळे लागतील.

२०२३ च्या दिवाळीनंतर, १८ नोव्हेंबरला, पडवी नीट बांधायची म्हणून मेस्त्रींना बोलावलं. त्यांनी लाकडाचा जो आकडा सांगितला, तो ऐकून मी गप्प बसले. मग तेच मागच्या दारी गेले, झाडावर कोयत्याची मूठ दोनदा आपटली आणि म्हणाले, “ह्यो हाय की उभा. चौकटी निघतील, दारं निघतील. इकत कशाला घेतेस?”

“कसलं झाड आहे हे?”

“आसणा.”

शेजारचे काका म्हणाले, किंजळ. त्यांच्या मुलाच्या मते ऐन. माझ्या चुलतभावाने बडोद्याहून फोनवर सांगितलं की लहानपणी आपण ह्याला “मोठं झाड” म्हणायचो. ते खरंच होतं, पण अर्जात लिहिता येण्यासारखं नव्हतं.

अर्जात जात लिहावी लागते, हे मला त्याच आठवड्यात कळलं. मेलेलं झाड आपल्याच जमिनीत आहे, तर कापलं की झालं, अशी माझी समजूत होती. तसं नाही. महाराष्ट्रात झाडतोडीचा १९६४ चा कायदा आहे आणि त्याच्या अनुसूचीत सोळा नावं आहेत: हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिजा म्हणजे बिबळा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि कांदळवन. यातलं झाड खाजगी जमिनीत असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. झाड मेलेलं असणं हे परवानगी मिळायला चांगलं कारण आहे, पण म्हणून परवानगी टळत नाही. पुढे लाकूड रस्त्याने गिरणीत न्यायचं तर वाहतूक पास लागतो, आणि पासावरही जात येते.

आता आमच्या झाडाची उमेदवार नावं बघा. ऐन आणि किंजळ यादीत आहेत. आसाणा, म्हणजे मेस्त्रींचा आसणा, यादीत नाही. म्हणजे मेस्त्री बरोबर असतील तर माझं काम हलकं. मला आसाणाच हवा होता, हे आता लपवण्यात अर्थ नाही. पुढची सगळी चूक तिथून सुरू झाली.

आधी फोनवरच्या झाड ओळखणाऱ्या अ‍ॅपवर प्रयत्न केला. खोडाचे चार फोटो टाकले, चार वेगळी उत्तरं आली, त्यात एक निलगिरी. पान, फूल, फळ काहीच नसलेल्या झाडापुढे अ‍ॅप तरी काय करणार? त्याच्यावर वेळ घालवू नका.

मग घरातल्या कागदांत शोधलं. १९६१ चं वाटणीपत्र ट्रंकेत निघालं. आजोबांच्या आणि त्यांच्या भावाच्या वाटण्या, विहिरीच्या पाळ्या, कलमं कुणाची किती, आणि शेवटी एक ओळ: “उत्तरेकडील बांधावरील आसणाचे झाड उभयतांचे सामाईक.” मला केवढा आनंद झाला! लेखी पुरावाच. ही ओळ मी तेव्हा नीट वाचली असती तर दोन महिने वाचले असते. ते पुढे येईल.

२६ नोव्हेंबरला झाडाखाली पडलेली एक मनगटाएवढी फांदी उचलून ठाण्याला आणली. ३८० रुपयांचं दहापट दाखवणारं भिंग मागवलं. लाकूड ओळखायचं तर त्याचा आडवा छेद बघायचा, म्हणजे ओंडक्याचं टोक जिथे वर्तुळं दिसतात तो भाग. उभ्या बाजूचे रंग-रेषा फसवतात. एवढं वाचून मी फांदीचं टोक पॉलिशपेपरने घासघासून गुळगुळीत केलं. भिंगातून सगळं पीठ दिसलं. पॉलिशपेपरची भुकटी छिद्रांत जाऊन बसते, हे नंतर कळलं. नव्या कोऱ्या कटरच्या पात्याने एकाच दिशेने पातळ काप घ्यायचा आणि टोक ओल्या बोटाने किंचित भिजवायचं, मग बघायचं.

तसं केल्यावर छिद्रं दिसली. लाकडात पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या असतात, त्यांची ही तोंडं. कुठे एकेकटी, कुठे दोन-तीन ओळीत. बाकी सगळं फिकट, मळकट पांढरं. किड्यांनी पोखरलेलं.

बिबळ्याचं नाव माझ्या डोक्यात होतं, कारण ‘असन’ आणि ‘आसण’ ही बिबळ्याचीही नावं आहेत हे एका ठिकाणी वाचलं होतं. बिबळ्याची एक परीक्षा बऱ्याच जणांना ठाऊक असते. मधुमेहावर म्हणून ते लाकडी पेले विकायला असतात ना, रात्री पाणी भरून ठेवा, सकाळी रंग बदलतो, ते बिबळ्याचे. (त्या पाण्याने साखर उतरते का, हा माझा विषय नाही. मी ते प्यायलेले नाही आणि प्या असं सांगणारही नाही.) फांदीचे चार काप काढून स्टीलच्या फुलपात्रात रात्रभर भिजत घातले. सकाळी पाणी मळकं झालेलं होतं, बाकी काही नाही. बिबळा नाही, असं मी वहीत लिहिलं. खाली रेघसुद्धा ओढली.

११ डिसेंबरला, सोमवारी, रजा काढून तालुक्याला गेले आणि वनखात्याच्या कार्यालयात अर्ज दिला. जात: आसाणा. संख्या: १. अवस्था: पूर्ण वाळलेले. सोबत सातबारा आणि आठ अ. दोन्ही डिजिटल सहीचे, ऑनलाइन प्रत्येकी १५ रुपयांत निघतात, त्यासाठी तलाठ्याकडे जायची गरज नाही. गटाचा नकाशा, झाडाचे फोटो आणि चुलतभावाचं संमतीपत्र. झाड सामाईक असेल किंवा सातबाऱ्यावर इतर नावं असतील तर सगळ्यांची संमती लागते. कोकणातल्या सातबाऱ्यावर नावं किती असतात हे कोकणातल्यांना सांगायला नको. आमच्याकडे सुदैवाने दोनच. दोन १०० चे स्टँप, नोटरीचे २००. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. ही पोच जपून ठेवा, पुढे प्रत्येक वेळी तिच्यावरचाच क्रमांक विचारतात.

मग वाट बघणं. डिसेंबर असाच गेला. मी दर सोमवारी फोन करायचे आणि ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ ऐकायचे. त्यात खोटं नसावं, एवढ्या डोंगराळ तालुक्याला माणसं किती आहेत ते नंतर पाहिलं.

९ जानेवारीला वनरक्षक पाहणीला आले. वयाने माझ्याहून लहान, मोटरसायकलवर, पाठीला टेप आणि रंगाचा डबा. अर्ज वाचला, झाडाभोवती एक फेरी मारली. मग खाली बसले आणि बुंध्याजवळ साल अजून चिकटून राहिली होती तिथे नखाने काही उकरू लागले. माझ्या तळहातावर त्यांनी दोन-तीन काळे खडे ठेवले. जुन्या गुळाचे असावेत तसे. “उन्हात धरा.” धरले. काळा खडा डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल झाला.

“आसाण्याला हा डिंक कुठून येणार, मॅडम? आणि आसाण्याच्या कोवळ्या खोडांना काटे असतात. बांधावर याची पोरं असतील तर बघा, एकाला तरी काटा आहे का.”

नव्हता. त्यांनी घेर मोजला, छातीच्या उंचीवर ५ फूट ८ इंच, आणि सांगितलं की आसाणा म्हणून याचा पंचनामा मी करणार नाही. तुम्ही चुकीची जात लिहून परवानगी नेलीत आणि रस्त्यात गाडी अडवली, तर लाकूड एक आणि कागद दुसरा, असं होईल. माल अडकेल, गाडीही अडकेल. खात्री करून सुधारित अर्ज द्या.

मला राग आला होता. त्यांचा नाही, म्हणजे थोडा त्यांचाही. महिना गेला होता. गाडीत बसल्यावर डोकं शांत झालं तेव्हा वाटलं, या माणसाने गपचूप सही केली असती तर मी मोठ्या फासात सापडले असते.

१५ जानेवारीला संक्रांत होती. डोंबिवलीला आत्याकडे तिळगूळ द्यायला गेले. आत्या ८४ वर्षांची, लग्न होईपर्यंत त्याच घरात वाढलेली. तिला मी नोव्हेंबरातच फोन करून विचारलं होतं, “आत्या, बांधावरचं झाड कसलं गं?” आणि ती म्हणाली होती, “आसण की आसणा, काहीतरी म्हणायचे बाबा.” मी “आसणा” एवढंच ऐकलं होतं.

या वेळी वेगळं विचारलं. त्याला फळं कसली यायची?

“फळं नाही गं, शेंगा. चपट्या, गोल. मधे बी आणि कडेने पातळ पापुद्रा. आम्ही भातुकलीत त्याच पापड म्हणून वाढायचो.” मग जरा थांबून, “आणि त्याला खरचटलं ना, की रक्त यायचं. माझं पिवळं परकर-पोलकं होतं नवीन, त्यावर डाग पडला. आईने खूप घासलं. नाही गेला. मार खाल्ला होता मी.”

आसाण्याला लहान गोल फळं येतात, वाटाण्याएवढी, पाखरं खातात. पापडासारखी शेंग बिबळ्याची.

म्हाताऱ्या माणसांना झाडाचं नाव विचारू नका, निदान फक्त नाव विचारू नका. नावं वाडीगणिक बदलतात. आसाणा, आसणा, आसण, असन, आणि उत्तरेकडे तर आसन म्हणजे ऐन. फळ कसलं होतं, खाली काय पडायचं, चीक कुठल्या रंगाचा, ओली फांदी तोडली तर हाताला काय लागायचं, हे विचारा. ते कुणी विसरत नाही.

त्या रात्री घरी येऊन वाटणीपत्राचा फोटो पुन्हा उघडला. “आसणाचे झाड.” पाचव्या-सहाव्यांदा वाचत होते, आणि एकदम डोक्यात वीज चमकली. आंबा असेल तर आंब्याचे झाड. वड असेल तर वडाचे. आसणा असता तर लिहिणाऱ्याने “आसण्याचे” लिहिलं असतं. त्याने “आसणाचे” लिहिलंय, म्हणजे झाडाचं नाव आसणा नाहीच, आसण. मराठी माध्यमात दहा वर्षं सामान्यरूपं पाठ केली आणि हे दिसायला मला दोन महिने लागले. अर्थात व्याकरण हा काही पंचनाम्याला चालणारा पुरावा नव्हे.

२६ जानेवारी शुक्रवारी आली होती, म्हणून जोडून सुट्टी होती. २७ ला गावी मेस्त्रींना गिरमिट घेऊन बोलावलं. वनरक्षकांना आधी फोन करून विचारलं होतं: झाड न तोडता एक अर्ध्या इंचाचं भोक पाडलं तर चालेल का? ते म्हणाले, चालेल, आणि वादळात जिथे शेंडा मोडला तिथली चिरफळी निघत असेल तर तीही घ्या.

मेस्त्रींनी छातीच्या उंचीवर गिरमिट लावलं. मी खाली पेपर धरून बसले. पहिला भुसा आला तो मऊ, फिकट, ओलसर वासाचा. हीच माझी नोव्हेंबरातली फांदी. बोटभर आत गेल्यावर गिरमिट कुरकुरू लागलं. मेस्त्रींनी दम घेतला. दोन इंचांवर भुश्याचा रंग बदलला, पिवळसर तपकिरी, भाजलेल्या बेसनासारखा, आणि आता त्याच्या लांब वळ्या निघत होत्या. मला तेव्हा समजलं की मी नोव्हेंबरपासून झाडाच्या कडेकडेनेच फिरत होते. मनगटाएवढ्या फांदीत जवळजवळ सगळं पांढरंच असतं. बाहेरचं पांढरं लाकूड सगळ्या झाडांचं थोडंफार सारखं दिसतं आणि तेच आधी किडतं. जात कळते ती गाभ्यावरून.

या वळ्या चिमूटभर घेऊन काचेच्या ग्लासात टाकल्या. साधं विहिरीचं पाणी. दहा मिनिटांत तळाशी पिवळ्या धारा उतरायला लागल्या. अर्ध्या तासाने ग्लास खिडकीसमोर धरला तर पाणी पातळ चहासारखं. मग मेस्त्रींच्या काळ्या छत्रीसमोर ठेवून बाजूने बघितलं. ऊन पडत होतं त्या कडेला निळं. रॉकेलच्या जुन्या बाटलीत दिसायची तशी निळी झाक, ग्लास हलवला की हलणारी. मेस्त्री दोनदा आत-बाहेर करून आले. “इळभर ऱ्हाऊं दे गो तसाच,” म्हणाले. राहू दिला.

स्टीलच्या फुलपात्रात हे कधीच दिसलं नसतं. ग्लास काचेचा हवा, मागे काळं हवं, आणि सरळ सूर्यप्रकाश हवा.

सोमवारी, २९ ला, दापोलीला गेले. डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं वनशास्त्र महाविद्यालय तिथे आहे. ओळखीतून एका प्राध्यापकांनी वेळ दिला होता. मी मोठ्या दिमाखात निळ्या पाण्याची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाले, छान, पण त्याच्या एकट्यावर मी सांगणार नाही. चिरफळी बघू.

त्यांनी वरच्या चिरफळीतून एक तुकडा काढून उकळत्या पाण्यात ठेवला. वाळलेलं लाकूड थेट कापलं तर चुरा होतो. तासाभराने धारदार पात्याने आडवा काप घेतला, कागदाहून पातळ, आणि सूक्ष्मदर्शकाखाली मला बघायला लावलं. शेजारी त्यांच्याकडचा आसाण्याचा नमुना ठेवला. इथे मला पहिल्यांदा कळलं की काय बघायचं असतं. मी फक्त छिद्रं मोजत होते. छिद्रांच्या भोवती काय आहे ते महत्त्वाचं. आमच्या तुकड्यात छिद्रांच्या दोन्ही बाजूंनी फिकट पंख निघत होते आणि ते शेजारच्या पंखांना जोडून आडव्या, नागमोडी पट्ट्या होत होत्या. पाण्यावर वारा आल्यासारख्या. आसाण्याच्या नमुन्यात अशा पट्ट्याच नव्हत्या. ऐनातही छिद्रांना पंख असतात, तिथे घाई केली तर घोटाळा होतो. म्हणून त्यांनी तुकडा उभा फिरवला, सालीकडची बाजू वर करून, आणि भिंग माझ्या हातात दिलं. अगदी बारीक आडव्या लाटा, एकाखाली एक, सारख्या अंतरावर. लाकडातले किरण, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे जाणारे पेशींचे पट्टे, मजल्यांसारखे रचलेले असले की अशा लाटा दिसतात. शिसव-बिबळ्याच्या कुळात ही रचना असते, ऐन-किंजळात नसते.

मी घरून आणखी एक गोष्ट करून नेली होती. गाभ्याचा ५ सेंटिमीटरचा चौकोनी ठोकळा मेस्त्रींकडून काढून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला होता: १२५ घन सेंटिमीटरला ९८ ग्रॅम. म्हणजे घनता ०.७८. हे बिबळ्याशी जुळतं, असं ते म्हणाले, पण वजनावरून जात ठरवू नका, तेवढ्याच वजनाची दहा लाकडं दाखवीन.

डिंक, शेंग, निळं पाणी, नागमोडी पट्ट्या, लाटा. बिबळा. शास्त्रीय नाव टेरोकार्पस मार्सुपियम. त्यांनी साध्या कागदावर दोन ओळी लिहून सही केली. हे अधिकृत प्रमाणपत्र नव्हे, हेही बजावलं. वादाचं प्रकरण असेल, कोर्टबिर्ट, तर बेंगळुरूच्या काष्ठ विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेत किंवा डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत नमुना पाठवायचा. दोन्हीकडे हजारो लाकडांचा संग्रह आहे आणि तिथे जात ओळखून लेखी देतात. माझ्या एका झाडाला त्याची गरज पडली नाही.

५ फेब्रुवारीला सुधारित अर्ज दिला. जात: बिबळा. आता अनुसूचित झाड, म्हणजे सगळं पुन्हा, पण या वेळी पाहणी सुरळीत झाली. २२ ला वनपाल आणि वनरक्षक दोघं आले. पंचनामा, चतुःसीमा, दोन पंच (काका, किंजळवाले, एक पंच झाले आणि त्यांनी “बिबळा” खाली सही करताना माझ्याकडे बघितलं नाही). १४ मार्चला परवानगीचा कागद हातात आला, बदल्यात झाडं लावायच्या अटीसह.

पुढचं भराभर सांगते. मार्चअखेर शिमगा, माणूस मिळणं अशक्य. ६ एप्रिलला तोड झाली. मेलेलं उभं झाड तोडायला जिवंत झाडापेक्षा जास्त धोका असतो, वाळलेल्या फांद्या हादऱ्याने आधीच खाली येतात. दोर लावून, अनुभवी माणसांकडूनच करा. ६,५०० रुपये गेले. १६ ला ओंडके मोजून त्यांवर हातोड्याचा शिक्का पडला. मोजमाप घेराच्या चौथाईने करतात: एक ओंडका ६६ इंच घेर, ११ फूट लांब. ६६ चा चौथा हिस्सा साडेसोळा, त्याचा वर्ग भागिले १४४, गुणिले ११, म्हणजे २०.८ घनफूट. दुसरा १०.१. यादी हातात आल्यावर हे स्वतः एकदा मांडून बघा, मी बघितलं, बरोबर होतं. वाहतूक पासाला मात्र निवडणूक आडवी आली. ७ मेला आमच्याकडे मतदान, निम्मं कार्यालय त्या कामाला. पास १३ मेला मिळाला. त्यावर मुदत असते, गाडीचा नंबर असतो. टेंपोवाला आधी ठरवून मगच पास काढा, उलट केलंत तर मुदत संपते. टेंपोचे ३,२०० झाले.

१५ मेला गिरणीत. गिरणीवाल्यांनी आधी पास बघितला, नोंदवहीत लिहिलं, मग विचारलं, “खिळे आहेत?” मी छातीठोकपणे नाही म्हटलं. त्यांनी तरी धातू शोधायचं यंत्र फिरवलं आणि मोठ्या ओंडक्याच्या बुंध्याकडे ते ओरडलं. बांधावरच्या झाडात तार असणारच, बाई, ते म्हणाले. छिन्नीने उकरलं तर चार इंच आत काटेरी तारेचे दोन वेढे निघाले. झाडाने कधीतरी गिळलेले. तार करवतीच्या पट्टीत घुसली असती तर पट्टी गेली असती आणि तिची किंमत माझ्या कापणावळीच्या कितीतरी पट. तेवढा फूटभर बुंधा काढून टाकला. कापणावळ ८० रुपये घनफुटाप्रमाणे ३१ घनफुटांचे २,४८० रुपये, ओंडक्याच्या मापावर. फळी किती निघाली त्यावर नाही.

पांढरं सगळं किडकं निघालं, ते जाऊन हातात १६ घनफूट आलं. एक खबरदारी सांगते, कारण मला कुणी सांगितली नव्हती: ओला भुसा पिवळा डाग पाडतो. माझा एक दुपट्टा गेला. आत्याला फोटो पाठवला.

प्रवास सोडून सगळा खर्च तेरा हजारांच्या आसपास. गावच्या खेपा सहा झाल्या.

फळ्या सध्या पडवीत पत्र्याखाली रचल्या आहेत. मधे इंचभराच्या पट्ट्या, टोकांना ऑइलपेंट, म्हणजे चिरा जात नाहीत. दारं पुढच्या उन्हाळ्याआधी करायची नाहीत, मेस्त्रींनी सांगून ठेवलंय. बांधावर रोपवाटिकेतून आणलेली बिबळ्याची पाच रोपं लावली होती, गुरांनी दोन खाल्ली, तीन आहेत. पोरांनी खडूने प्रत्येक फळीच्या टोकाला “बिबळा” लिहिलंय, चुकून कुणी सरपण समजू नये म्हणून.

परवा मेस्त्री आले, एका फळीवर हात फिरवला, टोकाला बोटाने टकटक केलं.

“आसणा बाकी झकास निघाला हां,” ते म्हणाले.